झाकून बाळगा, हाच कायदा! छोट्या हत्याराच्या सोळा मोठ्या गोष्टी

कपड्याआड मावेल असं पिस्तूल कोणतं घ्यावं, या प्रश्नावर अमेरिकेतली मासिकं पानंच्या पानं भरतात. तोच प्रश्न नागपुरात विचारला, तर उत्तर दुकानाच्या काउंटरवर मिळत नाही. थोडं कायद्याच्या पुस्तकात सापडतं, थोडं पोलीस आयुक्तालयातल्या अर्जात, थोडं खडकीच्या काडतुसावर आणि थोडं मे महिन्याच्या उन्हात. शिवाय या शहराच्या इतिहासात हत्यार बाळगण्याच्या हक्काचा एक भन्नाट अध्यायही आहे. परवाना असलेल्यांनी, काढू पाहणाऱ्यांनी आणि नुसतं कुतूहल असलेल्यांनीही वाचाव्यात अशा या सोळा गोष्टी.

१. उघडं न्याल तर चूक, झाकून न्याल तर बरोबर

अमेरिकेत अनेक वर्षं उघडं पिस्तूल चालायचं, पण ते कोटाखाली लपवायचं तर वेगळा परवाना लागायचा. आता तिथल्या निम्म्याहून अधिक राज्यांनी ती अटही काढून टाकली आहे. आपल्याकडे गाडी नेमकी उलट दिशेनं चालते. शस्त्र नियम २०१६ सांगतात की सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर न्यायचं तर ते अंगाला बांधलेल्या होल्स्टरमध्ये किंवा तशाच पिशवीत हवं, पूर्ण झाकलेलं हवं आणि बाळगणाऱ्याचा त्यावर नीट ताबा हवा. म्हणजे झाकून नेण्यासाठी निराळी परवानगी नाही, झाकणं हीच अट. कमरेला रिव्हॉल्व्हर लटकवून सीताबर्डीत मिरवणाऱ्याकडे परवाना असला, तरी तो नियम मोडतोच आहे.

२. वाघनखं नागपूरला आली होती

लपवून न्यायच्या हत्याराचा महाराष्ट्रातला सर्वांत मोठा दाखला १० नोव्हेंबर १६५९ चा, प्रतापगडाच्या पायथ्याचा. मुठीत मावणारी वाघनखं प्रत्येक मराठी पोराला पाठ असतात. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं जुलै २०२४ मध्ये साताऱ्यात आली आणि २०२५ मध्ये नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे आपल्या अजब बंगल्यात, दर्शनाला ठेवली गेली. साताऱ्याचा रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याच्याकडून ती विलायतेत पोचली होती. शिवाजी महाराजांनी वापरली ती हीच का, याचा पक्का पुरावा नाही, असं लंडनचं ते संग्रहालय स्वतःच सांगतं. पण हत्याराचं आकारमान आणि त्याची कामगिरी यांचा संबंध नसतो, हे ती काचेपलीकडूनही पटवून देतात.

३. नागपूरचा शस्त्र सत्याग्रह

१८७८ च्या हत्यारबंदी कायद्यानं हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगायची बंदी केली आणि गोऱ्यांना त्यातून मोकळं ठेवलं. या अन्यायाविरुद्ध थेट रस्त्यावर उतरलं ते नागपूर. १९२७ मध्ये मंचेरशा आवारी या तरुण पारशी कार्यकर्त्यानं तलवारी हाती घेऊन मिरवणुका काढल्या आणि कायदा उघडपणे मोडला. बंगालमध्ये विनाचौकशी डांबलेल्या राजबंद्यांची सुटका करा, ही त्यांची मागणी होती. लोक त्यांना ‘जनरल आवारी’ म्हणू लागले. सरकारनं तुरुंगात टाकलं, तिथं त्यांनी उपोषण आरंभलं. हाती तलवार घेऊन केलेला सत्याग्रह गांधीजींना मानवला नाही आणि तसं त्यांनी ‘यंग इंडिया’त लिहिलंही. पण नागपूरकरांनी जनरलला डोक्यावर घेतलं. त्यांचे पुत्र गेव आवारी १९७७ मध्ये नागपूरचे खासदार झाले. जुन्या नागपुरातल्या चार जणांना आज विचारलं तर आवारींचं नाव ठाऊक असणारा एखादाच निघतो, याचं मनापासून वाईट वाटतं. शहरानं जपावा असा हा माणूस आहे.

४. पेटीच्या दुहेरी तळाशी

२१ डिसेंबर १९०९. नाशिकचं विजयानंद थिएटर. ‘संगीत शारदा’चा प्रयोग. बदली होऊन निघालेल्या कलेक्टर जॅक्सनच्या सन्मानासाठी मंडळी जमली होती आणि तिथंच अनंत कान्हेरे या कोवळ्या वयाच्या तरुणानं त्याच्यावर गोळ्या झाडल्या. हातात होतं ब्राउनिंग पिस्तूल. अशी वीस पिस्तुलं सावरकरांनी लंडनहून धाडली होती. आणणारा होता इंडिया हाउसमधला स्वयंपाकी चतुर्भुज अमीन आणि ती आली पेटीच्या दुहेरी तळात दडून. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. खिशात मावणारं, पुढचं काडतूस आपोआप चढवणारं पिस्तूल तेव्हा जगातच नवं होतं. राज्यकर्त्यांना त्याची धास्ती का वाटली, हे या एका रात्रीत कळतं.

५. संविधान सभेत कामत उभे राहिले

हत्यार बाळगणं हा मूलभूत हक्क असावा का? १९३१ च्या कराची काँग्रेसनं मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या अधीन राहून का होईना, तो हक्क घातला होता. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत हरि विष्णु कामत यांनी त्यासाठी दुरुस्ती मांडली. कामत निवडून आले होते मध्य प्रांत आणि वऱ्हाडातून, ज्याची राजधानी होती नागपूर. उत्तर द्यायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. हा हक्क सरसकट दिला तर गुन्हेगारही तोच मागतील, ही अडचण त्यांनी सभेपुढे ठेवली. दुरुस्ती फेटाळली गेली. म्हणून आज भारतात शस्त्र परवाना ही कायद्यानं दिलेली सवलत आहे, जन्मसिद्ध हक्क नव्हे. पुढच्या प्रत्येक नियमाची मुळं या एका उत्तरात आहेत.

६. निवड आधी सरकार करतं, मग तुम्ही

जगभर कपड्याआड बाळगायला सर्वांत जास्त खपणारं काडतूस म्हणजे ९ मिमी. आपल्याकडे ते निषिद्ध बोअरमध्ये मोडतं, कारण लष्कर आणि पोलीस तेच वापरतात. त्याचा परवाना केंद्रीय गृह मंत्रालयाच्या हातात, आणि सामान्य माणसासाठी तो जवळजवळ नसल्यासारखाच. मग उरतं काय? मुख्यतः .३२ आणि .२२. काउंटरवर उभं राहून ‘बत्तीस बोअर दाखवा’ असं गिऱ्हाईक म्हणतं, त्यात त्याची आवड थोडी आणि कायद्याची आखणी जास्त असते. बारा मॉडेलांची तुलना करत बसण्याआधी आपल्या परवान्यावर काय लिहिलंय ते वाचावं. निम्मी निवड तिथंच झालेली असते.

७. जेम्स बाँडही बत्तीसवालाच

.३२ म्हणजे किरकोळ, असं नाक मुरडणाऱ्यांसाठी ही गोष्ट. जेम्स बाँडच्या सुरुवातीच्या कादंबऱ्यांत त्याच्याकडे .२५ बोअरचं बेरेटा असायचं. ग्लासगोच्या जेफ्री बूथरॉइड या शस्त्रप्रेमी वाचकानं लेखक इयान फ्लेमिंगला पत्र लिहून कळवलं की हे हत्यार बाँडला शोभत नाही. फ्लेमिंगनं ते मनावर घेतलं आणि १९५८ च्या ‘डॉक्टर नो’मध्ये बाँडच्या हाती वॉल्थर पीपीके आलं, बोअर ७.६५ मिमी. हेच आपलं .३२ पिस्तुलाचं काडतूस. ते जॉन ब्राउनिंगनं १८९९ मध्ये बेल्जियमच्या एफएन कंपनीच्या पिस्तुलासाठी घडवलं होतं. सव्वाशे वर्षं झाली, ते अजून टिकून आहे.

८. बत्तीस आणि बत्तीस एक नव्हे

नवख्यांची हमखास गल्लत होते ती इथं. भारतात .३२ नावाची दोन वेगळी काडतुसं चालतात. रिव्हॉल्व्हरचं काडतूस स्मिथ अँड वेसन कंपनीनं १८९६ मध्ये आणलेल्या घराण्यातलं. त्याची पितळी पुंगळी सुमारे २३ मिमी लांब, बुडाशी ठसठशीत कड असलेली. पिस्तुलाचं काडतूस आखूड, पुंगळी सुमारे १७ मिमी. नाव सारखं, मापं निराळी, आणि एकाचं दुसऱ्यात घालायचं नाही म्हणजे नाही. मजा म्हणजे रिव्हॉल्व्हरचं हेच ‘म्हातारं’ काडतूस नेमबाजीतल्या २५ मीटर सेंटर-फायर पिस्तूल प्रकारात जगभरचे खेळाडू आजही आवडीनं वापरतात, कारण झटका सौम्य आणि नेम पक्का.

९. बुडावरची ‘केएफ’ अक्षरं पुण्याची

भारतीय काडतुसाचं बूड उलटं करून पाहा. बऱ्याचदा तिथं ‘केएफ’ असा ठसा दिसतो. ही अक्षरं म्हणजे किर्की फॅक्टरी, इंग्रजांच्या जिभेवरचं आपलं खडकी. खडकीची दारूगोळा फॅक्टरी १८६९ पासूनची. जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावलाही छोट्या हत्यारांची काडतुसं बनतात. आणि नागपूर? आयुध निर्माणी मंडळ १ ऑक्टोबर २०२१ रोजी मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या, त्यांतल्या यंत्र इंडिया लिमिटेडचं मुख्यालय आपल्या अंबाझरीत आहे. भंडाऱ्याच्या जवाहरनगरात स्फोटकं, चंद्रपूरकडे भद्रावतीत दारूगोळा. जानेवारी २०२५ मध्ये भंडाऱ्याच्या निर्माणीत झालेल्या स्फोटात किमान आठ कामगार गेले. हे उद्योग विदर्भाच्या अंगणात आहेत आणि त्यांची किंमत विदर्भातली घरं मोजतात, हे कोणत्याही हत्याराच्या गप्पांत विसरू नये.

१०. वजनकाटा काय सांगतो?

जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या निर्माणीनं ‘निर्भीक’ आणलं. .३२ बोअर, टायटॅनियम मिश्रधातू, वजन ५०० ग्रॅम, किंमत १,२२,३६० रुपये. महिलांच्या पर्ससाठी म्हणून ते दागिन्याच्या डबीसारख्या मरून पेटीत मिळायचं. दिल्लीच्या निर्भयाची आठवण त्याच्या नावात होती. पुढे इशापूरच्या रायफल फॅक्टरीनं .२२ बोअरचं ‘निडर’ काढलं, वजन अवघं २५० ग्रॅम, म्हणजे पाव किलो! ऑगस्ट २०२३ मध्ये कानपूरच्या एडब्ल्यूईआयएल या सरकारी कंपनीनं ‘प्रबल’ आणलं, साधारण ७०० ग्रॅमचं, ७६ मिमी नळीचं.

कानाला २५० ग्रॅम गोड वाटतं. पण हत्यार जितकं हलकं, तितका झटका हातात जास्त येतो. नळी जितकी आखूड, तितका नेम साधणं अवघड. दिवसभर बाळगायला हलकं बरं, आणि वेळ आली तर हातात जड बरं. छोटं हत्यार निवडायचं म्हणजे या दोन टोकांमध्ये आपल्या मनगटाला झेपेल असा मध्य शोधायचा. म्हणून किमतीआधी मूठ पाहावी. करंगळीला आधार मिळतो का? मनगट न वळवता तर्जनीचं पेर ट्रिगरवर नीट पोचतं का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ आलं, तरच पुढचं बोलणं.

११. कडी, बिजागरी आणि सहा पुंगळ्या

पारंपरिक भारतीय .३२ रिव्हॉल्व्हरचं घराणं बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉटपाशी पोचतं. ते जवळून पाहण्यासारखं आहे. मागच्या बाजूला, हॅमरच्या पुढ्यात एक कडी असते. अंगठ्यानं ती दाबली की अख्खी नळी, खाली असलेल्या बिजागरीवर, पुढे वाकते. वाकता वाकता सिलिंडरच्या मधोमध बसवलेली चांदणी वर उठते आणि सहाही पुंगळ्या कडेनं धरून एकदम बाहेर ढकलते. सहा भोकं लख्ख रिकामी दिसतात, पलीकडचा उजेड दिसतो. रिकामं आहे की नाही, याची स्वच्छ खात्री पटते. ‘प्रबल’मध्ये मात्र सिलिंडर बाजूला उघडतो, आणि भारतात बनलेलं या पद्धतीचं ते पहिलं रिव्हॉल्व्हर म्हणून गाजलं. ज्या वेब्लीची रचना आपण दशकानुदशकं घडवली, त्या कंपनीच्या नावानं आता उत्तर प्रदेशातल्या हरदोई जिल्ह्यात, संडीला इथं उत्पादन होतं.

१२. मॅगझिन काढलं म्हणजे रिकामं झालं, असं नाही

पिस्तूल की रिव्हॉल्व्हर, हा वाद चहाच्या टपरीवर तासन्‌तास चालू शकतो. इशापूरच्या ‘अशनी’ पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये आठ काडतुसं मावतात, रिव्हॉल्व्हरमध्ये सहा. पिस्तूल चपटं, त्यामुळे कपड्याखाली कमी फुगतं. रिव्हॉल्व्हर जाडं, पण सोपं. एखादं काडतूस फुसकं निघालं तर ट्रिगर पुन्हा ओढायचा, दुसरं काडतूस समोर येतं. पिस्तुलात तेच झालं तर स्लाइड मागे खेचून अडकलेलं काढावं लागतं, आणि घाबरलेल्या हातांना ते सरावाशिवाय जमत नाही.

पण जीव वाचवणारी गोष्ट आणखी वेगळी. पिस्तुलाचं मॅगझिन काढून टेबलावर ठेवलं तरी एक काडतूस चेंबरमध्ये शिल्लक असू शकतं. ‘रिकामं होतं हो’ म्हणून घडलेल्या कित्येक अपघातांचं मूळ या एका काडतुसात असतं. आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड मागे खेचून चेंबर डोळ्यांनी पाहायचं, मग बोटानं चाचपायचं. जाणता दुकानदार दाखवण्याआधी हे स्वतः करतो आणि हत्यार हाती देताना सांगतो, ‘भाऊ, आता तुम्ही पण पाहून घ्या.’ तुम्ही पाहिल्यावर तो रागावत नाही, खूश होतो.

१३. ४७.९ अंशांत होल्स्टर

२३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं. परदेशी मार्गदर्शकांत जाकिटाखाली पिस्तूल कसं दडतं याची चित्रं असतात. नवतपात जाकीट घालणार कोण? इथं सुती शर्ट, तोही घामानं पाठीला चिकटलेला. त्यामुळे नागपूरकरासाठी होल्स्टरची निवड हत्याराच्या निवडीइतकीच महत्त्वाची. घामातलं मीठ काळ्या पॉलिशच्या पोलादाला गंज चढवतं आणि चामडं तो घाम शोषून धरतं. उन्हाळ्यात बाहेरून आल्यावर हत्यार रिकामं करून कोरड्या फडक्यानं पुसावं, तेलाचा हलका हात फिरवावा आणि होल्स्टर वेगळं वाळत ठेवावं.

होल्स्टरची पहिली परीक्षा एकच: ट्रिगर आणि त्याभोवतीची कडी पूर्ण झाकली जाते का? नसेल तर ते कितीही सुंदर असो, घेऊ नये. उघडं हत्यार किल्ल्या आणि सुट्या पैशांच्या खिशात टाकणं हा थेट अपघाताला आवतण देण्याचा प्रकार आहे. आणि चालत्या गाडीवर, गर्दीच्या बसमध्ये सतत हात लावून चाचपायची सवय लागली असेल तर होल्स्टर चुकलंय असं समजावं. अंगावर आहे याचा विसर पडू नये, पण जगाला सुगावाही लागू नये, असं ते बसलं पाहिजे.

१४. अर्ज, आणि गरिबालाही मिळू शकणारा परवाना

नागपूर शहरात परवाना देतात पोलीस आयुक्त, शहराबाहेर जिल्हाधिकारी. वय किमान २१. सोबत प्रकृतीचा दाखला, पोलिसांचा चौकशी अहवाल, सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षण. प्रत्येक परवान्याला राष्ट्रीय नोंदणीतला स्वतःचा युनिक क्रमांक मिळतो. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीनं परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षं केली आणि एका माणसाला ठेवता येणारी बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आणली. परवान्यावर क्षेत्रही लिहिलेलं असतं. नागपूरहून मध्य प्रदेशची सीमा तास-दीड तासावर आहे. पचमढीला निघताना आधी ती ओळ वाचावी.

दोन कलमं फार कमी लोकांना ठाऊक असतात. शस्त्र कायदा १९५९ चं कलम १४ म्हणतं की अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही. आणि नाकारला तर कारणं लेखी नोंदवावी लागतात. दुसरं, वडिलांचं रिव्हॉल्व्हर त्यांच्या पश्चात आपोआप मुलाचं होत नाही. बाळगण्याचा कायदेशीर अधिकार संपला की कलम २१ प्रमाणे ते विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं, मग वारसानं स्वतःच्या नावानं परवाना मागायचा. तेरावं होईपर्यंत कपाटात राहू दिलेलं हत्यार चांगल्या घरातल्या मुलाला आरोपी करू शकतं.

१५. वरात, निवडणूक आणि विमानतळ

परवानाधारकाला गोत्यात आणणाऱ्या या तीन जागा.

वरात: २०१९ च्या दुरुस्तीनं लग्नात किंवा जल्लोषात बेफिकिरीनं गोळीबार करणं हा स्वतंत्र गुन्हा ठरवला. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आकाशात झाडलेली गोळी कुठं तरी खाली येतेच.

निवडणूक: आचारसंहिता लागली की हत्यारं जमा करण्याच्या नोटिसा निघतात. पण सरसकट सगळ्यांची जमा करायची का? गोव्याच्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं की सरसकट नको, छाननी करून ठरवा. तेव्हापासून छाननी समितीचा मार्ग रुळला. नोटीस आली तर हत्यार जमा करून पावती जपून ठेवावी, आणि खरंच धोका असेल तर समितीपुढे अर्ज करावा.

विमानतळ: सोनेगावच्या विमानतळावर बॅगेच्या कप्प्यात विसरलेलं एखादं काडतूस क्ष-किरण तपासणीत दिसतं आणि प्रवास तिथंच थांबतो. सर्वोच्च न्यायालयानं १९७२ च्या गुणवंतलाल खटल्यात बाळगण्यामागे जाणीव असावी लागते हे तत्त्व मांडलं, आणि त्याच्या आधारावर अशी माणसं पुढे सुटतातही. पण तोवर विमान, वेळ आणि वकिलाची फी गेलेली असते. त्यामुळे हत्यारासाठी वापरलेली बॅग प्रवासाला घ्यायचीच नाही.

१६. राहीचा हात आणि स्वस्तातला कट्टा

कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं. त्या स्पर्धांत नेमबाजीचं सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला. तिच्या प्रकारात ट्रिगरला किमान एक किलो ओढ लागते. खिशातल्या रिव्हॉल्व्हरचा हॅमर आधी मागे न ओढता थेट ट्रिगर दाबला, तर हीच ओढ चार-पाच किलोंवर जाते. हत्याराचंच वजन अर्धा किलो, ओढ त्याच्या दहापट, मग नळी हलणारच. जगज्जेत्या नेमबाजांना रोज तासन्‌तास सराव लागतो, तिथं वर्षातून एकदा धूळ झटकणाऱ्याचा नेम घाबरलेल्या क्षणी लागेल अशी आशा कशी धरायची? महाराष्ट्रात नेमबाजीच्या जिल्हा संघटना आहेत, रेंज आहेत. तिथं नाव घालणं ही हत्यार खरेदीची पहिली पायरी असावी.

दुसऱ्या टोकाला आहे कट्टा, म्हणजे बेकायदा देशी पिस्तूल. नागपूर पोलिसांच्या छाप्यांत देशी पिस्तुलं सापडल्याच्या बातम्या नेहमी येतात. अशा हत्याराच्या नळीची कुठलीही दाब चाचणी झालेली नसते. कारखान्यातली प्रत्येक बंदूक मात्र प्रूफ चाचणीतून जाते. कट्टा फुटतो तो धरणाऱ्याच्याच हातात. आणि धरणारा बहुधा विशी-बाविशीतला असतो. स्वस्त म्हणून घेतलेल्या या नळीनं या शहरातल्या कोवळ्या पोरांची आयुष्यं तुरुंगात घातली आहेत. याला शौर्य म्हणणाऱ्या प्रत्येक रीलला घरातल्या मोठ्यांनी तोंडावर उत्तर दिलं पाहिजे.

मग निवडायचं कसं?

क्रम असा ठेवावा. पहिला प्रश्न, धोका खरा आहे का? जमिनीच्या वादासाठी वकील, चोरीच्या भीतीसाठी चांगलं कुलूप आणि कॅमेरा, धमकीसाठी पोलिसांत लेखी तक्रार, हे उपाय आधी. दुसरा, घरात लहान मुलं किंवा मन खचलेलं कुणी आहे का? असेल तर हत्यार आणि काडतुसं वेगवेगळ्या कुलपांत, किल्ली अंगावर. आणि मन खचलेलं माणूस असेल त्या काळात हत्यार घरी नकोच, विक्रेत्याकडे जमा करता येतं. तिसरा, सरावाला वेळ देणार का? चौथा, स्वसंरक्षणाची हद्द ठाऊक आहे का? भारतीय न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४ ती आखून देतात, आणि बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची मुभा त्यात नाही. या चारांची उत्तरं समाधानकारक आली, तरच मूठ, वजन, होल्स्टर आणि शेवटी किंमत.

या क्रमानं गेलात तर बरेच जण पहिल्या दोन प्रश्नांतच थांबतील आणि तो निर्णयही तितकाच शहाणपणाचा असेल. जे पुढे जातील, त्यांनी बाळगायचं ते झाकून, सांभाळायचं ते कुलपात आणि चालवायचं ते रेंजवर. वाघनखांपासून आवारींच्या तलवारीपर्यंत या मातीनं हत्याराला मान दिला तो त्यामागच्या कारणामुळे. तुमचं कारण तितकं पक्कं असेल, तर पाव किलोचं घ्या की पाऊण किलोचं, निवड चुकणार नाही.